ओला कापूस

माझा दादा चक्रम आहे. मी त्याची सख्खी बहीण असल्यामुळे हे म्हणू शकते, दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी त्याला सोडणार नाही. उभा जन्म त्याने तांब्याच्या एका खाणीत भूवैज्ञानिक म्हणून काढला. दगड बघायचा, फोडायचा, प्रसंगी चाटायचा आणि कंपनीला सांगायचं की धातू कुठल्या बाजूला गेलाय. बहुतेक वेळा त्याचं बरोबर यायचं. शेवटचं तेवढं चुकलं. खनिजाचा पट्टा आणखी खोल जातो असं तो छातीठोकपणे म्हणाला, त्याच्या शब्दावर कंपनीने खाण आणखी खाली नेली, आणि खाली निघाला नुसता कोरा काळा दगड. मग कंपनीने खाण बंद करायचं ठरवलं.

तांब्याचे भाव पडले होते, यंत्रं जुनी झाली होती, खाण तशीही बंद होणारच होती. पण लोकांना बोट दाखवायला एक माणूस लागतो. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "डोंगर पोखरून उंदीर काढला साहेबांनी," आणि तेव्हापासून दादाचं नावच उंदीर पडलं. ज्यांची नोकरी गेली त्यांची पोरं त्याच्या मागून चूं चूं करत जायची. वहिनी किराणा आणायला गेल्या तर दुकानदार म्हणाला, "काय देऊ, पिंजरा का औषध?" वहिनी पिशवी तिथेच ठेवून घरी आल्या. तेव्हापासून त्या पार पुलापलीकडच्या दुकानात जातात. दादाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही, मला सांगितलं.

खाण बंद झाली तरी आतलं पाणी उपसणारे पंप काही काळ चालू ठेवावे लागतात. त्यावर देखरेख करायला कंपनीने दादाला ठेवून घेतलं. रोज तो रिकाम्या बोगद्यांतून एकटाच फिरायचा. अशाच एका फेरीत, ज्या खोल भागापायी त्याची अब्रू गेली होती त्याच भागात, एका ओलसर कोपऱ्यात त्याला भिंतीवर काहीतरी उगवलेलं दिसलं. फिकट हिरवे, केसासारखे बारीक झुपके. त्याचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते.

"बारके, तुझं मशीन रिकामं आहे का?"

मी पन्नाशीला आले, अर्धे केस पिकले, तरी हा मला बारके म्हणतो. मी म्हटलं, "तुझ्या दगडांसाठी नाही."

"दगड नाही गं. मीठ आहे. सल्फेट असावं. पण मी असलं कधी पाहिलेलं नाही."

मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचं यंत्र चालवते. खनिजाची पूड करून यंत्रात ठेवली की पडद्यावर लहानमोठी शिखरं उमटतात. प्रत्येक खनिजाची शिखरं आपापल्या ठरलेल्या जागी येतात, त्यामुळे जगातल्या यादीशी ताडून पाहिलं की खनिज कोणतं ते कळतं. दादासारखे हौशे दरवर्षी दहा जण तरी येतात, नवं काहीतरी सापडलंय म्हणून. दहाही जणांचं जुनंच निघतं. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावते.

दादा पहिल्या बसने आला. डबा उघडला तर आत बाटलीच्या बुचात मावेल एवढी हिरवट लव. मी तिथल्या तिथे पूड केली आणि यंत्र सुरू केलं. अगदी डावीकडे एक शिखर उभं राहिलं, उंच आणि सरळ, आणि त्याच्या मागोमाग बाकीची. मी यादीशी ताडून पाहिलं. जुळेना. तांब्याची सगळी सल्फेटं पाहिली, लोहाची पाहिली, जस्ताची पाहिली. कशाशीच जुळेना. दादा माझ्या खुर्चीमागे उभा होता आणि त्याचा श्वास घरघरत होता. खाणीच्या धुळीने त्याच्या छातीचं खोकं केलंय.

"हे कुठेच नाहीये, दादा," मी म्हटलं.

खिशातून रुमाल काढून त्याने चष्मा पुसला आणि परत न घालता तसाच हातात धरून उभा राहिला. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी काही न बोलता पडद्यावरची शिखरं कागदावर छापून घेतली. एरवी माझं तोंड बंद होत नाही.

दुसऱ्या दिवशी खात्री करायला मी तीच पूड पुन्हा यंत्रात ठेवली. डावीकडचं शिखर गायब. उरलेली शिखरं सरकून अशा जागी बसली होती की शाळेतल्या पोरानेही ओळखावं. जुनंच, ठाऊक असलेलं, कवडीमोलाचं सल्फेट. पुडीचा रंगसुद्धा उडून खडूसारखा झाला होता.

कारण समजायला वेळ लागला नाही. या मिठाच्या अंगात पाणी असतं, त्याच्या रचनेतच गुंफलेलं. बोगद्यातल्या दमट हवेत ते पाणी टिकतं. बाहेरची कोरडी हवा लागली की निघून जातं आणि मागे उरतं दुसरंच खनिज. आमच्याकडे जे होतं ते आमच्या डोळ्यांदेखत मेलं होतं, आणि जिवंतपणाचा एकच पुरावा होता, तो पहिल्या दिवशीचा कागद.

तेवढ्यावर भागत नाही. नवं खनिज मान्य करणारी एक आंतरराष्ट्रीय समिती असते. तिला रासायनिक सूत्र लागतं, एका अख्ख्या स्फटिकावरून काढलेली अणूंची रचना लागते, आणि एक नमुना कुठल्या तरी संग्रहालयात ठेवून द्यावा लागतो. आम्ही होतं नव्हतं ते सगळं लिहून पाठवलं. उत्तर सभ्य भाषेत आलं. न बिघडलेल्या स्फटिकाची रचना काढून पाठवा, मग विचार करू.

"त्यांचं बरोबर आहे," दादा फोनवर म्हणाला. "मीही हेच म्हणालो असतो."

"मग आता?"

"आता न बिघडलेला स्फटिक द्यायचा."

त्या दिवसांत तो इतका खुशीत होता की मला भीती वाटायची. खनिजाचं नाव काय ठेवायचं ते मी विचारलं. शोधणाऱ्याला स्वतःचं नाव देता येत नाही, तसा नियमच आहे. दादा म्हणाला, "उंदराइट ठेवू. गावाने पसंत केलेलं नाव आहे." आणि खोकला येईपर्यंत हसला. खूप काळाने मी त्याला हसताना ऐकलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "बारके, मी म्हटलं होतं ना खाली काहीतरी आहे. तांबं नसेना का. काहीतरी होतंच."

मला तेव्हाच कळलं की ही गोष्ट बुडाली तर तो पुन्हा वर येणार नाही.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. दादाचं घर म्हणजे दगडांची वखार. कपाटात दगड, पलंगाखाली दगड, जिन्यावर दगड. खाणीतला बराचसा दगड गंधकाचा, त्याला दमट हवा सोसत नाही. ओल लागली की तो कुजतो, त्यातून आम्ल सुटतं, खोकी करपतात, चिठ्ठ्या गळून पडतात. म्हणून दादाच्या प्रत्येक खोक्यात पाणी शोषणाऱ्या दाण्यांची पुडी असते. दाणे कोरडे असताना निळे, ओल प्यायले की गुलाबी. गुलाबी झाले की कढईत भाजायचे, परत निळे होतात. लग्नानंतर दादाने वहिनींना पहिली कुठली गोष्ट शिकवली असेल तर ही. "ओल हा आपला शत्रू," असं तो मास्तरासारखं बोट नाचवत सांगायचा. वहिनींना दगडांचा मनापासून राग. "हे मेले धोंडे माझ्या आधी स्वर्गात जातील," म्हणायच्या. पण दाणे भाजायला त्या कधी चुकल्या नाहीत. त्यासाठी त्यांनी वेगळी कढई ठेवली होती.

स्फटिकाची रचना काढणारं यंत्र आमच्याकडे नाही. दुसऱ्या एका संस्थेत आहे, तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या. स्वभावाने कडक, पण कामाला पक्क्या. त्यांच्या यंत्रात दमट हवेचा झोत सोडता येतो, म्हणजे मोजणी चालू असताना स्फटिक वाळत नाही. त्यांनी मोठ्या मिनतवारीने एक दिवस दिला. तेवढ्यात कंपनीने पंप बंद करायची तारीख जाहीर केली. पंप थांबले की तो खोल भाग आधी भरणार आणि मीठच ते, भरल्या पाण्यात विरघळून जाणार. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

मी दादाला म्हटलं, "दुसऱ्या कुणाला उतरव."

"दुसरं कोण आहे? आणि कुठल्या झुपक्याला हात लावायचा ते त्याला काय कळणार?"

पंप थांबण्याच्या आदल्या दिवशी तो उतरला. माणसं खाली नेणारा पाळणा बंद झालेला, शिड्यांवरून जावं लागलं. तीन छोट्या काचेच्या बरण्या नेल्या होत्या. प्रत्येकीत भिंतीचा टवका झुपक्यासकट अलगद ठेवला, त्याच बोगद्यातल्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा आत घातला आणि झाकण घट्ट केलं. म्हणजे बोगद्याची हवा त्याने बरणीत भरून आणली. हे सगळं त्याने मला वर आल्यावर सांगितलं, एकेका वाक्याला थांबत थांबत. रात्रीपर्यंत त्याला ताप भरला. डॉक्टरने अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं.

मग बरण्या कुणी आणायच्या? मी तिकडे जाऊन परत येईपर्यंत बाईंनी दिलेला दिवस हुकला असता. वहिनी म्हणाल्या, "मी नेते." ज्या बाईने आयुष्यभर त्या दगडांना शिव्या घातल्या, ती तीन बरण्या मांडीवर घेऊन दिवसभर बसमध्ये बसली. बस खड्ड्यात गेली की बरण्या उचलून धरायच्या. मी स्टँडवर घ्यायला गेले तर त्यांचे हात आखडले होते. बरण्या काळ्या कागदात गुंडाळून वरून चिकटपट्टी लावलेली होती.

"वन्सं, घ्या तुमच्या भावाचा जीव," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, काही धक्का लागला नाही."

चहासुद्धा न घेता परतीच्या बसने गेल्या, दादाला एकटं ठेवायचं नाही म्हणून. मी बरण्या तशाच थंड कपाटात ठेवल्या. यंत्रासमोर दमट झोतातच उघडायच्या, आधी नाही, असं दादाचं आणि माझं ठरलं होतं.

यंत्राच्या खोलीत बाईंनी झोत सुरू केला, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवला, आणि मी पहिल्या बरणीचा कागद सोडवला.

कापूस नव्हता. काच आतून लख्ख कोरडी होती. भिंतीच्या टवक्याशेजारी पांढऱ्या कापडाच्या दोन पुड्या होत्या, बारीक टाक्यांनी शिवलेल्या. वहिनींचे टाके मी कुठेही ओळखते. पुड्यांमधले दाणे गुलाबी झाले होते.

मी दुसरी बरणी उघडली, मग तिसरी. सगळीकडे तेच. आतला झुपका पांढरा पडला होता. आकार मात्र जसाच्या तसा, एकेक सुई सुटी दिसत होती, त्यामुळे क्षणभर मला वाटलं की काही तरी वाचलं असेल. बाईंनी टोकदार काडीने एका सुईला स्पर्श केला. ती पिठासारखी ढासळली.

"हे वाळलेलं आहे," बाई म्हणाल्या. "कुणी घातल्या या पुड्या?"

मी म्हटलं, "आमच्याच घरच्यांनी."

बाई कडक असल्या तरी माणूस आहेत. त्यांनी पुढे विचारलं नाही. आम्ही तरीही संध्याकाळपर्यंत एकेक सुई लावून पाहत राहिलो. एकाही सुईत स्फटिक उरला नव्हता. सगळ्याची एकत्र पूड केली तर तेच ते खडूसारखं, जुनं, यादीतलं सल्फेट. पुड्या मी माझ्या पर्समध्ये टाकल्या. का टाकल्या ते सांगता येणार नाही. फेकवल्या नाहीत.

संस्थेच्या फाटकाबाहेर एक बाक आहे, तिथे बसून मी विचार केला. पंप बंद झाले होते. तो कोपरा पाण्याखाली गेला होता. परत उतरायचं नाही, परत आणायचं नाही, आणि जगात दुसरीकडे कुठे हे उगवत असेल तर ते आमच्या हयातीत कुणाला दिसेल याचा भरवसा नाही. आता दादाला सांगायचं. सांगायचं तर काय सांगायचं? खरं सांगितलं तर त्याच्या शेवटच्या गोष्टीचा घात त्याच्या बायकोच्या हातून झाला, हे घेऊन त्याला त्याच घरात, त्याच बाईच्या हातचा घास खात जगायचं. आणि तिने केलं काय होतं? त्यानेच जन्मभर शिकवलेलं तेवढं केलं होतं. गावात त्याच्याशी नीट बोलणारं एकच माणूस उरलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी लांब राहते, माझ्यावर चिडला तर चिडला. फोन लावला आणि सांगितलं, "दादा, माझी चूक झाली. थंड कपाटात ठेवताना उघडून बघायचा मोह झाला. झाकणं नीट बसली नाहीत. सगळं वाळलं."



"तिन्ही?" त्याने विचारलं.

"तिन्ही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केला तर वहिनी उचलायच्या, "झोपलेत" म्हणायच्या. त्यांचा आवाजही जरा तुटक असायचा. मला वाईट वाटत होतं, रागही येत होता, आणि राग नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. समितीला मी कळवून टाकलं की प्रस्ताव मागे घेत आहोत. त्यांचं पुन्हा एक सभ्य उत्तर आलं.

सुटी लागली तशी मी तिकडे गेले. गावात पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. दादाच्या दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, पंपांची घरघर नव्हती. इतकी वर्षं ती रात्रंदिवस चालू असायची, आम्ही तिच्या वरताण आवाज काढून बोलायला शिकलो होतो. अर्ध्या घरांना कुलपं होती. उंदीर म्हणायलासुद्धा फारसं कुणी उरलं नव्हतं.

दादा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. अंगातला स्वेटर त्याला दोन मापं मोठा झाला होता. "आलीस?" म्हणाला, खुर्ची पुढे सरकवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. वहिनी शेगडीशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्यांच्या त्या वेगळ्या कढईत गुलाबी दाणे ओतले. दगडांकडे आता घरात कोणी बघत नव्हतं, तरी दाणे भाजायचा वार आला की त्या भाजायच्या.

दोनदा त्यांनी उलथनं फिरवलं. मग वहिनींना राहवलं नाही.

"वन्सं, राग मानू नका," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पण बोलले नाही तर मला घास गिळणार नाही. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, रोजचं काम तुमचं. झाकण लावायचं राहतंच कसं?"

"चुकलं, वहिनी," मी म्हटलं. "जाऊ द्या ना आता."

"जाऊ कसं द्यायचं? हे शिड्या उतरून गेले, जीव जायची वेळ आली. मी माझ्याकडून काही कमी केलं नाही. निघायच्या आधी एकदा बरण्या उघडून पाहिल्या, म्हटलं यांना ताप आहे, काही राहिलं असेल. तर आत काचेला हे दव धरलेलं. आणि यांनी घाईत ओला कापूस तसाच आत ठेवलेला."

दादाने खिडकीवरून मान वळवली.

"तो काढला," वहिनी सांगत होत्या. "बरणी कोरड्या फडक्याने आतून पुसली. ताजे भाजलेले दाणे होते, त्याच्या पुड्या शिवल्या आणि एकेकीत दोन-दोन टाकल्या. म्हटलं रस्त्यात ओल नको लागायला. एवढं निगुतीने आणून दिलं मी, आणि तुम्ही नुसतं झाकण..."

पुढचं त्यांनी गिळलं. रडू येत होतं त्यांना.

दादा माझ्याकडे बघत होता. मी कपात बघत होते. मग मलाही मान वर करावी लागली. त्याच्या चेहऱ्यावर आधी काही समजल्याचं दिसेना. मग समजलं. आधी बरण्यांचं समजलं आणि त्याच्या मागोमाग माझ्या फोनचं समजलं. त्याचा हात टेबलावर होता, तो त्याने उचलून मांडीवर घेतला. आता तो ओरडेल असं मला वाटलं. तो ओरडला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

"बरं केलंस," तो म्हणाला.

वहिनींनी वळून बघितलं.

"दव धरलं होतं का? माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा होता. "तापात होतो ना. बरं झालं तू पाहिलंस."

"इतकी वर्षं ऐकतेय तुमचं," वहिनींनी पदराने डोळे टिपले. "एवढं तर मला कळतं." दगडांवरून नवऱ्याने त्यांना चांगलं म्हटलं असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी आच बारीक केली आणि दाणे हलवू लागल्या. कढईत ते हळूहळू निळे होत होते. दादा त्यांच्याकडे बघत बसला.

संध्याकाळी तो मला बसथांब्यापर्यंत पोचवायला आला. मी नको म्हटलं तरी आला, मधे दोनदा थांबून. थांब्यावर आम्ही दोघंच होतो.

"पाणी आता वरच्या बोगद्यात आलं असेल," तो म्हणाला. "सगळं विरघळलं असेल."

"हो."

"तो पहिल्या दिवशीचा कागद आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. पण त्याचा काही उपयोग नाही, दादा."

"माहितेय मला," तो म्हणाला. "असू दे."

बस वळणावर दिसली. त्याने माझी पिशवी उचलून हातात दिली.

"बारके," तो म्हणाला, "झाकण नीट लावत जा."

"लावीन," मी म्हटलं आणि बसमध्ये चढले.